टॅब कळ

टॅब कळ : संगणकाच्या कळफलकावरील एक नियंत्रक कळ. ती सामान्यतः कळफलकाच्या डाव्या कडेस, इंग्रजी ‘क्यू’ या अक्षराच्या कळीला लागून असते. मजकूर लिहिताना कर्सर पुढील ठरावीक स्तंभापाशी नेणे हे या कळीचे मूळ कार्य होय. पडद्यावर दिसणाऱ्या अर्जातील एका आदान क्षेत्रातून (माहिती भरण्याच्या चौकटीतून) दुसऱ्या क्षेत्रात जाणे हे तिचे नंतर विकसित झालेले व आज अधिक परिचित असलेले कार्य आहे. शिफ्ट कळीसह ती दाबल्यास उलट दिशेने म्हणजे मागील क्षेत्रात जाता येते. ‘टॅब’ हे ‘टॅब्युलेटर’ म्हणजे कोष्टककारक या शब्दाचे लघुरूप असून त्याचे मूळ ‘फळी’ अशा अर्थाच्या ‘ताब्युला’ या लॅटिन शब्दात आहे. साध्या यांत्रिक सोयीपासून दिव्यांग व्यक्तींच्या हक्काशी निगडित अशा तांत्रिक नियमापर्यंतचा या कळीचा प्रवास सु. सव्वाशे वर्षांचा आहे.

टंकलेखन यंत्रातील उगम : अमेरिकेतील मिलवॉकी येथील क्रिस्टोफर लॅथम शोल्स व त्यांचे सहकारी यांना १८६८ मध्ये टंकलेखन यंत्राचे एकस्व मिळाले आणि रेमिंग्टन कंपनीने तयार केलेले यंत्र १८७४ मध्ये विक्रीस आले. सलग मजकूर लिहिण्यास हे यंत्र सोयीचे होते. परंतु व्यापारी कचेऱ्यांतील बरेचसे काम यादी, हिशेब व विवरणपत्रे यांचे असे. आकड्यांचे स्तंभ एकाखाली एक आणण्यासाठी टंकलेखकास दर ओळीत अंतर-पट्टी कित्येक वेळा दाबावी लागे व मोजण्यात चूक झाली, तर संपूर्ण पान पुन्हा लिहावे लागे. ही अडचण दूर करण्यासाठी कॅरेजच्या मागे एक आडवी दातेरी पट्टी बसविण्यात आली. तीवर हव्या त्या ठिकाणी लहान थांबे लावता येत. कळ दाबताच कॅरेज मोकळी होऊन सरकत जाई व पुढील थांब्यापाशी अडून राही. अशा यंत्रणेच्या एकस्वासाठी फ्रेडरिक हिलार्ड यांनी १९०० मध्ये अर्ज केला होता. पुढे एकम्, दशम्, शतम् अशा स्थानांसाठी स्वतंत्र कळी असलेली दशमान टॅब्युलेटर यंत्रेही निघाली. त्यांमुळे लहानमोठ्या संख्यांचे एकम् स्थान एकाच उभ्या रेषेत आपोआप येऊ लागले. परिच्छेदाची पहिली ओळ थोडी आत सरकवून सुरू करण्यासही याच कळीचा उपयोग होऊ लागला.

भारतात गोदरेज अँड बॉइस या मुंबईच्या कंपनीने १९५५ मध्ये टंकलेखन यंत्राचे उत्पादन सुरू केले. महाराष्ट्रातील शासकीय टंकलेखन परीक्षांच्या उमेदवारांना वेगाच्या उताऱ्याबरोबरच पत्र व विवरणपत्र टंकलिखित करावे लागे. त्यामुळे थांबे लावणे व काढणे हा टंकलेखनाच्या शिक्षणाचा नित्याचा भाग होता. या टप्प्यावरील यंत्राचे एक वैशिष्ट्य पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. थांबे कोठे लावावयाचे हे स्वतः टंकलेखक ठरवीत असे. संगणकाच्या काळात हा निर्णय आज्ञावली लिहिणाऱ्याकडे गेला.

छिद्रपत्रे व संकेत : क्षेत्र या कल्पनेचा दुसरा उगम छिद्रपत्रांत आढळतो. हर्मन हॉलरिथ यांची छिद्रपत्रांवर चालणारी यंत्रे अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत वापरली गेली. आयबीएम कंपनीने १९२८ मध्ये ८० स्तंभांचे छिद्रपत्र प्रचारात आणले. या ८० स्तंभांची नाव, क्रमांक, रक्कम इ. विभागांत वाटणी करण्यात येई. त्याच कंपनीच्या १९४९ मधील छिद्रण यंत्रांत एका लहान फिरत्या दंडगोलावर ‘कार्यक्रम-पत्र’ गुंडाळण्याची सोय होती. कोणत्या स्तंभापासून नवे क्षेत्र सुरू होते, कोणते क्षेत्र वगळावयाचे, कोणते मागील पत्रावरून जसेच्या तसे उतरवावयाचे, कोठे अक्षरे व कोठे अंक अपेक्षित आहेत, हे त्या पत्रावरील छिद्रांनी ठरे. एक क्षेत्र भरून झाले की, यंत्र पत्र पुढे सरकवून योग्य स्तंभापाशी आणून ठेवी. क्षेत्रांतील संचार आधी लिहून ठेवलेल्या सूचनांनुसार घडविण्याचे हे एक प्रारंभीचे उदाहरण होय.

अमेरिकेत १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्की’ या संकेतप्रणालीत आडव्या टॅबला ९ हा क्रमांक देण्यात आला. त्या आवृत्तीतील नोंदीत आडवा टॅब आणि छिद्रपत्रावरील ‘वगळा’ ही खूण या दोहोंसाठी हा एकच संकेत होता. टंकलेखन यंत्र व छिद्रण यंत्र या दोन्ही परंपरा अशा प्रकारे एका अंकात एकवटल्या. भारतीय लिप्यांसाठीच्या ‘इस्की’ प्रणालीत तसेच युनिकोडमध्येही ९ हाच क्रमांक कायम राहिला. त्यामुळे मराठी, इंग्रजी किंवा अन्य कोणत्याही भाषेच्या मजकुरात टॅबचा संकेत एकच असतो.

पडदायुक्त टर्मिनले : पडद्यावरील अर्ज कळफलकाने भरण्याची पद्धत आयबीएमच्या १९७१ मधील ३२७० या टर्मिनल मालिकेमुळे बँका, विमा कंपन्या व शासकीय कार्यालये यांत रूढ झाली. या मालिकेतील नेहमीच्या पडद्यावर प्रत्येकी ८० अक्षरांच्या २४ ओळी म्हणजे एकूण १,९२० अक्षरे मावत. प्रत्येक क्षेत्राच्या आरंभी एक गुणदर्शक खूण ठेवलेली असे. क्षेत्र संरक्षित आहे की भरण्याजोगे, त्यात केवळ अंक चालतील की अक्षरेही, हे त्या खुणेवरून टर्मिनलला कळे. टॅब कळ दाबताच कर्सर पुढील असंरक्षित क्षेत्राच्या पहिल्या अक्षरस्थानी जाई. शेवटच्या क्षेत्रानंतर तो पुन्हा पहिल्या क्षेत्राकडे येई. मागे जाण्यासाठी वेगळी कळ होती. अर्ज पूर्ण भरून एंटर कळ दाबेपर्यंत मध्यवर्ती संगणकाकडे काहीच जात नसे. म्हणजेच क्षेत्रांतील संचार टर्मिनल स्वतः सांभाळी व संगणकाचा मोलाचा वेळ वाचे. टॅब म्हणजे ‘पुढील क्षेत्र’ व एंटर म्हणजे ‘काम पूर्ण’ ही विभागणी या यंत्रांमुळे दृढ झाली.

आलेखी आंतरपृष्ठे : झेरॉक्स कंपनीच्या पालो ॲल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये तयार झालेला ‘आल्टो’ संगणक, १९८१ मधील ‘स्टार’ आणि १९८४ मधील ॲपल कंपनीचा ‘मॅकिंटॉश’ यांनी खिडक्या, चित्रखुणा व माउस यांवर आधारलेली पद्धत पुढे आणली. या पद्धतीत पडद्यावर एकाच वेळी अनेक चौकटी, बटणे व याद्या दिसतात. त्यामुळे दाबलेली कळ कोणाकडे पोचवावयाची, हा प्रश्न नव्याने निर्माण झाला. ज्या घटकाकडे कळफलकावरील अक्षरे जातात, त्याच्याकडे ‘फोकस’ आहे असे म्हणतात. माउसने टिचकी मारून फोकस हलविता येतो. पण कळफलकानेही तो हलविता यावा की नाही, याबाबत निरनिराळ्या कंपन्यांची धोरणे भिन्न होती.

पहिल्या मॅकिंटॉशच्या कळफलकावर बाणांच्या कळी मुद्दामच ठेवलेल्या नव्हत्या. लोकांनी व प्रोग्रॅमरांनी माउसच वापरावा, हा त्यामागील हेतू होता. मॅकिंटॉश प्लस (१९८६) या संगणकाच्या कळफलकावर त्या आल्या. संवाद-चौकटीतील मजकुराच्या क्षेत्रांमध्ये टॅब कळीने जाता येई. मात्र बटणे व निवडीच्या खुणा या तिच्या कक्षेबाहेर होत्या. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज प्रणालीत (१९८५) याउलट मार्ग स्वीकारला. तेथे बटणासह प्रत्येक घटकापर्यंत कळफलकाने पोचण्याची सोय होती. आयबीएमने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘कॉमन यूजर ॲक्सेस’ या नियमावलीने टॅब, शिफ्टसह टॅब, एफ १ इ. कळींचे अर्थ निश्चित केले व त्यांचा प्रभाव विंडोजवर आणि युनिक्स संगणकांसाठीच्या ‘मोटिफ’ (१९८९) या प्रणालीवर पडला. मोटिफमध्ये घटकांचे गट पाडण्यात येत. टॅबने एका गटातून दुसऱ्या गटात व बाणांच्या कळींनी गटाच्या आत फिरता येई. अनेक पर्यायांतून एकच निवडावयाचा असल्यास सर्व पर्याय मिळून टॅबचा एकच थांबा असावा, ही आजची प्रथा याच विचारसरणीची आहे.

कळफलकाने होणारी वेळेची बचत मोजण्याचे साधनही याच सुमारास उपलब्ध झाले. स्ट्यूअर्ट कार्ड, टॉमस मोरान व ॲलन न्यूएल यांनी १९८० मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार सरासरी टंकलेखकास एक कळ दाबण्यास ०·२ सेकंद, माउसने लक्ष्य दाखविण्यास १·१ सेकंद आणि हात कळफलकावरून माउसकडे किंवा उलट नेण्यास ०·४ सेकंद लागतो. पुढील क्षेत्रात माउसने जावयाचे झाल्यास हात नेणे, लक्ष्य दाखविणे, टिचकी मारणे व हात परत आणणे यांस मिळून २·१ सेकंद लागतात. टॅबने ०·२ सेकंद पुरतात. दहा क्षेत्रांच्या अर्जात अशी नऊ स्थित्यंतरे असतात. म्हणजे माउसने १८·९ सेकंद व टॅबने १·८ सेकंद लागतात आणि दर अर्जामागे सु. १७ सेकंदांचा फरक पडतो. दिवसात ३०० अर्ज भरणाऱ्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत हा फरक जवळजवळ दीड तासाचा होतो. शिवाय माउसकडे वळताना समोरील कागदावरून नजर हटते व ओळ चुकण्याची शक्यता वाढते.

क्रम ठरविण्याची तंत्रे : टॅबचा क्रम ठरविण्याची मूळ युक्ती सोपी आहे. सर्व घटकांची एक वर्तुळाकार यादी कल्पिण्यात येते. घटकांना ० पासून क्रमांक दिले व त्यांची एकूण संख्या ‘न’ असली, तर पुढील घटकाचा क्रमांक चालू क्रमांकात १ मिळवून व बेरजेला ‘न’ने भागून उरणारी बाकी घेतली असता मिळतो. मागे जाताना चालू क्रमांकात ‘न’ मिळवून १ वजा करतात व मग बाकी घेतात. ‘न’ मिळविल्याशिवाय पहिल्या क्षेत्रातून मागे जाताना ऋण क्रमांक येतो व आज्ञावली बंद पडण्याचा धोका उद्भवतो. अदृश्य, निष्क्रिय किंवा फोकस न घेणारे घटक वाटेत लागल्यास ते वगळून पुढे जावे लागते. सर्वच घटक असे असतील, तर शोध अखंड फिरत राहील. म्हणून एक फेरी पूर्ण होताच तो थांबविण्याची दक्षता घेतली जाते.

विंडोजमध्ये ही यादी संवाद-चौकटीच्या आराखड्यातील घटकांच्या लेखनक्रमावरून तयार होते. ज्या घटकावर टॅबथांब्याची खूण असेल, त्याच्यापाशीच फोकस थांबतो. व्हिज्युअल बेसिक (१९९१) या भाषेत प्रत्येक घटकाला ‘टॅबइंडेक्स’ हा क्रमांक देण्याची सोय झाली. जावा भाषेच्या २००२ मधील १·४ या आवृत्तीत क्रमाचे धोरण स्वतंत्र घटकात वेगळे काढण्यात आले. पहिला, शेवटचा, पुढील, मागील व आरंभीचा घटक कोणता, या पाच प्रश्नांची उत्तरे देणारे धोरण प्रोग्रॅमर स्वतः लिहू शकतो. घटकांच्या पडद्यावरील स्थानांवरून व लेखनदिशेवरून क्रम काढणारे धोरणही त्यात तयार मिळते. अरबी, हिब्रू यांसारख्या उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांना त्याचा उपयोग होतो.

या तंत्रातील दोष बहुधा दुर्लक्षातून उद्भवतात. अर्ज तयार झाल्यानंतर मध्येच एखादे क्षेत्र वाढविले की, त्याला यादीतील शेवटचा क्रमांक मिळतो. परिणामी आडनावानंतर पत्त्याकडे जाण्याऐवजी कर्सर पानाच्या तळाशी उडी घेतो. पडद्याकडे न पाहता कागदावरून टंकलेखन करणाऱ्याची माहिती अशा वेळी भलत्याच क्षेत्रात जाते. दुसरा दोष माहितीच्या तपासणीशी निगडित आहे. क्षेत्र सोडताना त्यातील माहिती तपासून ती चुकीची असल्यास फोकस परत आणण्याची पद्धत अनेक आज्ञावल्यांत होती. लागोपाठच्या दोन रिकाम्या क्षेत्रांना हा नियम लावला की, दोन्ही क्षेत्रे फोकस आपापल्याकडे ओढू लागत व वापरणाऱ्यास अर्ज रद्द करणेही अशक्य होई. यावर उपाय म्हणून १९९८ मधील व्हिज्युअल बेसिक ६ या आवृत्तीत तपासणीसाठी वेगळी घटना व काही बटणांना तपासणीतून सूट देणारा गुणधर्म समाविष्ट करण्यात आला.

टॅबच्या दोन अर्थांमधील संघर्षही येथे दिसून येतो. अनेक ओळींच्या मजकुराच्या क्षेत्रात टॅब दाबल्यास मजकुरात अंतर पडावे की पुढील क्षेत्रात जावे? विंडोजच्या संवाद-चौकटीत टॅबने पुढे जाता येते व अंतरासाठी कंट्रोल कळीसह टॅब दाबावी लागते. जावाच्या ‘स्विंग’ घटकसंचात याच्या नेमके उलट आहे.

एंटर कळीची परंपरा : वैयक्तिक संगणकांवरील डॉस प्रणालीच्या काळात डीबेस, फॉक्सप्रो यांसारख्या भाषांत लिहिलेल्या हिशेबाच्या आज्ञावल्यांमध्ये पुढील क्षेत्रात जाण्यासाठी एंटर कळ वापरली जाई. क्षेत्र पूर्ण भरताच घंटी वाजून कर्सर आपोआप पुढे सरके. १९८६ मध्ये सुरू झालेल्या टॅली या भारतीय हिशेब-प्रणालीतही एंटरनेच पुढे जाण्याची रीत आहे. एंटर कळ अंकफलकाला लागून असल्याने आकडे भरणाऱ्याचा उजवा हात तेथून हलत नाही. टॅब मात्र कळफलकाच्या दुसऱ्या टोकाला आहे. १९९० नंतर विंडोजचा प्रसार झाल्यावर एंटरची सवय जडलेल्या कर्मचाऱ्यांची अडचण झाली, कारण संवाद-चौकटीत एंटर म्हणजे मुख्य बटण दाबणे होय. त्यामुळे अर्धवट भरलेले अर्ज नोंदले जाऊ लागले. यावर अनेक प्रोग्रॅमरांनी एंटरचा १३ हा संकेत वाटेतच अडवून त्याऐवजी टॅब पाठविण्याची युक्ती योजिली. ती मान्य प्रथेच्या विरुद्ध असली, तरी दिवसभर आकडे भरणाऱ्यांच्या दृष्टीने रास्त होती. नव्या प्रणालीने जुने कौशल्य निरुपयोगी ठरवू नये, ही त्यामागील भूमिका होती.

महाजाल व सुगम्यता : डिसेंबर १९९७ मध्ये मान्य झालेल्या एचटीएमएल ४·० या प्रमाणात ‘टॅबइंडेक्स’ हा गुणधर्म आला व त्यासाठी ० ते ३२,७६७ हे अंक मुक्रर झाले. एकपेक्षा जास्त अंक दिलेले घटक चढत्या क्रमाने आधी येतात व इतर घटक लेखनक्रमाने मागाहून येतात, असे म्हणण्यापेक्षा शून्याहून मोठा अंक असलेला प्रत्येक घटक अंकाच्या चढत्या क्रमाने आधी येतो व बाकीचे नंतर, असा हा नियम आहे. पानातील एका भागाला असे अंक दिले व दुसऱ्यास दिले नाहीत, तर क्रम विस्कळित होतो. म्हणून अंक न देता मूळ लेखनाचाच क्रम अर्थपूर्ण ठेवावा, असे मत पुढे सर्वमान्य झाले.

अंध व्यक्ती माउसचा दर्शक पाहू शकत नाहीत. जॉज (विंडोजसाठी १९९५) व एनव्हीडीए (आरंभ २००६) यांसारख्या पडदावाचक आज्ञावल्या फोकस असलेल्या घटकाचे नाव मोठ्याने वाचून दाखवितात. त्यांच्या वापरकर्त्यांच्या दृष्टीने टॅबचा क्रम हाच अर्जाचा आराखडा असतो. हाताचा कंप किंवा पक्षाघात असलेल्या व्यक्तींनाही कळफलक किंवा त्याच्याशी तुल्य अशी खटक्याची साधने हाच आधार असतो. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांची पहिली आवृत्ती मे १९९९ मध्ये व दुसरी डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या आवृत्तीतील चार कसोट्या टॅब कळीशी थेट निगडित आहेत : (१) सर्व कार्ये कळफलकाने करता यावीत, (२) कोणत्याही घटकात शिरल्यावर कळफलकाने बाहेर पडता यावे, (३) फोकसचा क्रम अर्थाला धरून असावा, (४) फोकस कोठे आहे, ते डोळ्यांना दिसावे. ऑक्टोबर २०२३ मधील २·२ या आवृत्तीत फोकस असलेला घटक दुसऱ्या घटकाखाली झाकला जाऊ नये, या कसोटीची भर पडली. भारतात शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने माहिती व संदेशवहनाची साधने सुगम्य असण्यास कायद्याचा आधार दिला. शिष्यवृत्ती, दाखले, भरती इत्यादींचे अर्ज संगणकावरूनच भरावे लागत असल्याने एखाद्या बटणापर्यंत टॅबने पोचता न येणे, याचा अर्थ काही नागरिकांपुरता तो अर्जच बंद असणे, असा होतो.

सद्यःस्थिती : स्पर्शपडद्याच्या दूरध्वनींवर टॅब कळ सहसा नसते, परंतु तिचे कार्य टिकून आहे. पडद्यावरील कळफलकावर किंवा त्याच्या वरच्या पट्टीत ‘पुढील’ व ‘मागील’ अशा अर्थाची बटणे दिली जातात. महाजालावर पानाची मांडणी व मूळ लेखन हे वेगवेगळे ठेवता येत असल्याने डोळ्यांना दिसणारा क्रम व टॅबचा क्रम यांत तफावत पडण्याचा प्रश्न पुन्हा निर्माण झाला आहे. नाव मराठी व इंग्रजी अशा दोन्ही लिप्यांत भरावयाच्या अर्जांत टॅबने पुढील क्षेत्रात गेल्यावर कळफलकाची लिपी सामान्यतः आपोआप बदलत नाही; ती वेगळ्या कळीने बदलावी लागते. आलेखी आंतरपृष्ठांचे तयार घटकसंच टॅबचे बहुतेक नियम आपणहून पाळतात. प्रोग्रॅमर स्वतः नवा घटक रेखाटतो, तेव्हा मात्र फोकस घेणे, तो दाखविणे व पुढे देणे या तिन्ही जबाबदाऱ्या त्याच्यावर येतात. त्या पार पडल्या आहेत की नाही, हे पाहण्याची सर्वांत सोपी कसोटी म्हणजे माउस बाजूला ठेवून संपूर्ण अर्ज केवळ कळफलकाने भरून पाहणे ही होय.